मंजुळाबाईंचा उलटा फ्रिज

थेरगावात डांगे चौकाच्या मागं एक गल्ली आहे. तिच्यात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला उलटं जावंच लागतं. त्या गल्लीच्या टोकाला मालोजीरावांचं घर. खाली भाडेकरू, पहिल्या मजल्यावर मालोजीराव आणि मंजुळाबाई, दुसऱ्यावर मुलगा प्रज्वल आणि सून विजयश्री, आणि सगळ्यांच्या डोक्यावर गच्ची. घर मालोजीरावांच्या नावावर आहे. पण उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते चार गच्ची कुणाची, हे गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा. ती मंजुळाबाईंची.

मंजुळाबाई मूळच्या बार्शीकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या तेव्हा मालोजीराव भोसरीत एका टूलरूममध्ये होते. प्रज्वल शाळेत जायला लागला आणि मंजुळाबाईही भोसरीतच एका वर्कशॉपात मोटरी भरायला जाऊ लागल्या. मोटर भरायची म्हणजे जळालेली तांब्याची तार काढायची आणि नवी, मोजून, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची. हे काम त्यांनी अठरा वर्षं केलं. मोटर चालू केली की नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या, बेअरिंग गेलंय, नाहीतर कपॅसिटर मरायला टेकलाय. वर्कशॉपचा मालक त्यांना विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द देत नसे.

घरात मात्र यंत्रांचं खातं मालोजीरावांकडं. मिक्सर बिघडला तरी मालोजीराव चष्मा लावून बसायचे आणि मंजुळाबाईंनी बॅटरी धरायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही. बॅटरी धरताना त्या फक्त उजेड जिथं दोष असेल तिथं पाडायच्या. मालोजीरावांना वाटायचं, दोष आपण शोधला.

मालोजीराव रिटायर झाले त्या वर्षी मोशीच्या एका प्रदर्शनातून त्यांनी हीट पंप आणला आणि गच्चीवर बसवला. हे पाणी तापवायचं यंत्र, पण गिझरसारखी कांडी तापवून नव्हे. हवेतली उष्णता ओढायची, ती टाकीतल्या पाण्याला द्यायची आणि गार झालेली हवा बाहेर टाकून द्यायची. मालोजीराव आल्यागेल्याला समजावायचे, "उलटा फ्रिज समजा. फ्रिज आतली ऊब बाहेर टाकतो, हा बाहेरची ऊब पाण्यात घालतो." समोरचा मान डोलवायचा आणि चहा कधी येतो ते बघायचा.

त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य एकाच माणसाच्या लक्षात राहिलं. ती त्या वेळी आत चहा गाळत होती. गार हवा टाकून देतात. का टाकून देतात?

पुढच्या एप्रिलात कुरडया वाळत घालायला मंजुळाबाई गच्चीवर गेल्या. पायाला चटके बसत होते. कुरडयांवर लक्ष ठेवायला म्हणून त्या यंत्राच्या पलीकडच्या बाजूला टेकल्या आणि मानेवरून असा गार झुळझुळ वारा गेला की त्यांनी मागं वळून बघितलं. जाळीतून पंखा वारा फेकत होता. माठाच्या पोटाला गाल लावल्यासारखा वारा. त्या दिवशी कुरडया वाळल्या त्यापेक्षा दोन तास जास्त वाळवल्या गेल्या.

अशी सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरूबाईला वर नेलं. सरूबाई गावठाणातली, सात पिढ्यांची थेरगावकर. जाळीपुढं बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मंजुळे, आमी उगं मरत व्हतो की गं इतकी वर्सं." तिसरी आली सलिमा, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली. तिचा नवरा मीरासाहेब याचं भोसरीत फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान. दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करून घरी येणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र छताचा पंखा, तोही रेग्युलेटर तीनवर अडकलेला. येताना सलिमा पत्त्यांचा कॅट घेऊन आली. तिघींचा पाच-तीन-दोनचा डाव बसला, तो पुढं दर उन्हाळ्यात बसत गेला.

एक अडचण होती. टाकीतलं पाणी पुरतं तापलं की यंत्र आपोआप थांबायचं आणि वाराही थांबायचा. त्यावर मंजुळाबाईंनी उपाय काढला. साडेबारा वाजता खाली गरम पाण्याचा नळ सोडायचा. भांडी गरम पाण्यानं, पायपुसणी गरम पाण्यानं, जिन्याची फरशीसुद्धा गरम पाण्यानं. टाकीत वरून गार पाणी शिरलं की यंत्र घुरघुरत जागं व्हायचं. मे महिन्यात वाफाळत्या पाण्यानं जिना पुसणारी बाई अख्ख्या थेरगावात एकच होती. मालोजीराव कौतुकानं म्हणायचे, "स्वच्छतेची फार हौस."

आता ते यंत्र बारा वर्षांचं झालं होतं. पत्रा गंजला होता, आवाज घोगरा झाला होता. यंदा ऊनही तापलं जरा जास्तच. तेव्हा तिघींनी सुधारणा केली. कपडे वाळत घालायच्या तारेवरून ताडपत्री सोडली, चौथ्या बाजूला सरूबाईची जाड गोधडी, खाली विटा ठेवून कडा दाबल्या. यंत्रासकट आत तंबू, चार वाजता घडी घालून कोपऱ्यात. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात सलिमानं पदर खांद्यावरून ओढून घेतला. तिसऱ्या दिवशी सरूबाई स्वेटर घेऊन आली.

मालोजीरावांनी एकदा विचारलं होतं, "तिघी वर करता काय एवढा वेळ?"

मंजुळाबाई काही बोलायच्या आत सरूबाई म्हणाली, "जप."

"आणि सलिमा?"

"ती तिच्या देवाचं नाव घेती. आमी आमच्या."

मालोजीराव भारावले. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना त्यांनी सांगितलं, "आमच्या गच्चीवर भर उन्हात जप चालतो. दोन्ही धर्मांचा. आपल्याला बसवणार नाही हो तिथं." दत्तोबा म्हणून त्यांचे मित्र होते, त्यांना तर त्यांनी दोनदा सांगितलं. जपाच्या वेळी वर जाऊन व्यत्यय आणायचा नाही, हा नियम मालोजीरावांनी स्वतःच घरात लावला.

मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाणी गार येऊ लागलं.

बाकी कुणाचं बिघडलं नाही. उन्हाळ्यात कुणाला हवंय गरम पाणी. पण मालोजीरावांची कंबर. संध्याकाळी पाच वाजता तिला कढत पाण्याचा शेक लागायचा, वैशाख असो की माघ. पहिल्या दिवशी ते अंगावर तांब्या घेऊन थबकले. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातूनच हाक मारली, "अगं, हे कोमट आहे." तिसऱ्या दिवशी पाणी नुसतंच पाणी होतं. आणि सकाळी बघावं तर टाकी छान तापलेली.

कंपनीच्या सेवा केंद्रात फोन लावला. तिकडून एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं की हे मॉडेल बंद झालं, सुटे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या.

"नवीन कशाला?" प्रज्वल म्हणाला. "आधी मूळ कारण शोधू."

प्रज्वल चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी. तिथं मशीन बंद पडलं की कागद घेऊन बसायचं आणि पाच वेळा 'का' विचारायचं, अशी शिस्त. ती शिस्त तो घरी घेऊन आला. रविवारी सकाळी त्यानं गच्चीवर फळा नेला.

"पाणी गार का?" त्यानं लिहिलं. "मशीन मध्येच बंद पडतं म्हणून. बंद का पडतं?"

"कॉम्प्रेसर," मालोजीराव म्हणाले.

"बाबा, पुरावा पाहिजे."

त्यांनी झाकण उघडलं. मंजुळाबाई बॅटरी धरून उभ्या होत्या, उन्हातसुद्धा. आतली हवा ओढणारी कॉइल, म्हणजे पातळ पत्र्यांच्या दाट फण्या, खालच्या कोपऱ्यात ओलसर होती. आदल्या दिवशी प्रज्वल शिफ्ट करून लवकर आला होता तेव्हा त्याला तिथं पांढरं काहीतरी दिसलं होतं. हात लावला तर बर्फ.

"अडतीस डिग्रीत बर्फ," तो म्हणाला. "बर्फ का?" आणि फळ्यावर तिसऱ्या 'का'पुढं खडू तसाच राहिला.

मालोजीरावांचं म्हणणं, गॅस कमी झालाय. प्रज्वलचं म्हणणं, सेन्सर. दोघांची चांगलीच जुंपली. मंजुळाबाईंना आवाजावरून ठाऊक होतं की कॉम्प्रेसर धडधाकट आहे, आणि पंखा मात्र दम लागल्यासारखा ओढतोय. वारा कमी पडतोय त्याला. त्या म्हणाल्याही, "पंख्याचा आवाज ऐकलास का रे?"

"आई, बॅटरी जरा इकडं."

त्यांनी बॅटरी इकडं धरली.

शेवटी प्रज्वलनं ठरवलं की डेटा हवा. त्यानं एक तक्ता छापून आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून यंत्राला अडकवला. वेळ, पाण्याचं तापमान, मशीन चालू की बंद, बर्फ आहे की नाही, शेरा. दर तासाला नोंद. "आणि हे करायचं कुणी? मी कंपनीत, विजयश्री हिंजवडीला, बाबांना दर तासाला जिना चढवत नाही. आई, तू तर दुपारी वर असतेसच."

मंजुळाबाईंनी पेन घेतलं. त्या प्रामाणिक बाई होत्या. मोटरीचे वेढे अठरा वर्षं खरे मोजले होते, आता खोटा आकडा लिहायचा त्यांना कमीपणा वाटला. त्यांनी खरे आकडे लिहिले. बारा वाजता पन्नास. एक वाजता चव्वेचाळीस. दोनला एकेचाळीस. तीनला अडतीस, बर्फ आहे. मशीन चालू, चालू, चालू. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'ऊन फार.' जपाचा, तंबूचा आणि जिना पुसण्याचा रकाना तक्त्यात नव्हता, त्यामुळं ते लिहायचा प्रश्न आला नाही.

प्रज्वलनं आठवड्याभराचे तक्ते टेबलावर मांडले आणि डोकं धरलं. "मशीन चालू आहे आणि पाणी गार होत चाललंय. आई, तू नीट वाचलंस ना?"

"चष्मा लावून."

"हे शास्त्राला धरून नाही."

"मग शास्त्राला सांग," मंजुळाबाई म्हणाल्या आणि पोळी उलटवली.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या दिवस मोजू लागल्या. गेले आठ-दहा दिवस पाणी गार. तंबू लागून झाले दहा-बारा दिवस. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांचं नातं दिसत होतं, नेमकं कसं ते मात्र उलगडत नव्हतं. मालोजीराव शेजारी कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून कण्हत होते. मंजुळाबाई उठल्या, पिशवीतलं पाणी बदलून आल्या. मालोजीराव म्हणाले, "तू आहेस म्हणून." तेव्हा त्यांना जरा जास्तच वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी मालोजीरावांनी मीरासाहेबांना बोलावलं.

मीरासाहेब म्हणजे पन्नाशीचा उंच, सावकाश माणूस. मिशीत हसायची सवय. यंत्रापुढं उकिडवा बसला, सिगरेट पेटवावी तशी एक वेलची तोंडात टाकली आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मंजुळाबाईंना ते आवडलं. गॅसचा दाब मोजला. बरोबर. पाण्याच्या वाटेतली गाळणी काढली, तर तिच्यात टँकरच्या पाण्याचा गाळ, बोटभर. ती धुतली. टाकीच्या नळीत क्षार साचले होते, ते काढायला लिंबूफुलाचं पाणी फिरवत ठेवलं. पंख्याचा कपॅसिटर काढून दाखवला, पोट फुगलेला. "हा गेला होता, वहिनी," तो मंजुळाबाईंकडं बघून म्हणाला.

"आवाजावरून वाटलंच होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाही?"

मंजुळाबाईंनी नुसतं पलीकडं बघितलं. मालोजीराव प्रज्वलला कपॅसिटर म्हणजे काय ते समजावण्यात गुंतले होते.

मग मीरासाहेबानं मऊ ब्रश घेतला आणि कॉइलच्या फण्या साबणाच्या पाण्यानं धुवायला सुरुवात केली. गोधडीच्या कापसाचा पातळ थर निघाला. त्यानं तो बोटांत चोळून बघितला. मग आत हात घातला आणि थांबला. दोन बोटांनी काहीतरी ओढून काढलं. मंजुळाबाईंना ते फक्त क्षणभर दिसलं, पण तेवढं पुरलं. चौकटची राणी. दहा दिवसांपूर्वी डाव टाकताना उडाली होती, कुठं गेली ते कळलंच नव्हतं. तिच्या जागी त्यांनी लग्नपत्रिकेचा तुकडा कापून, वर पेनानं 'चौराणी' लिहून चालवून घेतलं होतं.

मीरासाहेबानं पत्ता उलटा केला. पाठीवर निळे मोर. त्याची मिशी एका बाजूनं वर गेली. मोरांचा हा नवा कॅट वर्षभरापूर्वी त्याच्याच दुकानातून नाहीसा झाला होता आणि त्यावरून त्यानं शेजारच्या वेल्डरशी बोलणं टाकलं होतं.

"काय सापडलं?" मालोजीराव.

"कचरा," मीरासाहेब म्हणाला आणि राणी शर्टाच्या खिशात ठेवली.

मग तो उभा राहिला, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलू लागला, पण बघत राहिला कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या ताडपत्रीकडं.

"मालोजीराव, ही मशीन इकडून गरम हवा पिते आणि तिकडून गार हवा सोडते. बरोबर? आता समजा ती गार हवा कुठं लांब गेलीच नाही. अडली. फिरून पुन्हा हिच्याच तोंडात आली. तर हिला त्यात ऊब कुठून मिळणार? हवा आणखी गार करते, तीच पुन्हा पिते. होता होता कॉइलवर बर्फ. पाण्याला द्यायला हिच्याकडं काही राहतच नाही. आपलाच श्वास आपण पितोय म्हणा ना."

"पण इथं मोकळी गच्ची आहे," प्रज्वल म्हणाला. "अडेल कशानं?"

"तेच तर," मीरासाहेब म्हणाला. "कशानं अडत असेल, वहिनी?"

मंजुळाबाईंच्या कानशिलांतून ऊन निघाल्यासारखं झालं. अठरा वर्षं मोटरी भरलेली बाई, आणि एवढं साधं लक्षात येऊ नये. "वारा पडतो दुपारचा," त्या म्हणाल्या.

"अगदी बरोबर. दुपारचा वारा पडतो." मीरासाहेबानं गंभीरपणे मान हलवली. "मग यावर एकच इलाज. गार हवा नळीतून लांब न्यायची. जाड रेक्झिनचा नळ शिवून आणतो, आत तारेच्या कड्या. जाळीपासून निघेल आणि थेट तिथं," त्यानं गच्चीच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या मोठ्या टाकीखाली बोट केलं, "तिथं सोडून द्यायची. सावलीही आहे."

"सावलीचा काय संबंध?" मालोजीराव म्हणाले.

"रेक्झिन उन्हात तडकतं."

हे कारण मालोजीरावांना पटलं. तांत्रिक होतं.

जाताना जिन्यात मीरासाहेबानं राणी मंजुळाबाईंच्या हातावर ठेवली. "टाकीखाली तीन माणसं आरामात बसतात, वहिनी. मी मोजून आलोय. ताडपत्री मात्र पुन्हा नको. आणि त्या वेल्डरची मला माफी मागायला लागणार, तेवढं सलिमाला सांगू नका. मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सलिमानं येऊन सांगितलं की घरी काहीच भांडण झालं नाही. दुपारी जाते कुठं, याला तिनं घरी गोधडी शिवण्याचं निमित्त सांगितलं होतं. फक्त जेवताना मीरासाहेब म्हणाले, गोधडी शिवायला जातेस ना रोज, मग एक आपल्यालाही आण शिवून. "आता मला खरंच गोधडी शिवावी लागणार ताई," ती कळवळून म्हणाली.

नळ आला, बसला. पहिल्या दिवशीच टाकीखाली असा वारा आला की सरूबाईनं पाय लांब केले आणि म्हणाली, "ह्यो तर सरकारी बंगला झाला." यंत्राला मोकळी हवा मिळत होती, त्यामुळं गरम पाण्यानं जिना पुसूनही चार वाजेपर्यंत टाकी पुन्हा तापायची. पाच वाजता न्हाणीघरातून मालोजीरावांचा "आहाहा" ऐकू आला. तक्त्यात मंजुळाबाईंनी लिहिलं, बारा वाजता पन्नास, दोनला सत्तेचाळीस, चारला पन्नास, बर्फ नाही. शेऱ्यात काही लिहिलं नाही.

प्रज्वल तर हरखूनच गेला. त्याच्या कंपनीत दर महिन्याला कायझेन मांडतात, म्हणजे छोट्या सुधारणेनं मोठा फायदा. त्यानं घरच्या नळाचं उदाहरण मांडायचं ठरवलं. एका शनिवारी लवकर घरी येऊन, चप्पल न काढता तो फोटो काढायला वर गेला. जिन्यात पावलं वाजली आणि तो वर पोचेपर्यंत तिघी मागच्या लोखंडी शिडीनं सलिमाच्या गच्चीवर उतरल्या होत्या. सरूबाईला शिडी चढता येत नसे, पण त्या दिवशी तिला उतरता आली.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी प्रज्वल घरी आला आणि तोंड पाडून जेवायला बसला. विजयश्रीनं दोनदा विचारलं. मग त्यानं मोबाईल ताटाशेजारी ठेवला.

"आज कायझेन मांडलं. सगळ्यांना आवडलं. मग आमचे हेड, उद्धवराव सर, म्हणाले, फोटो जरा मोठा करा. मी मोठा केला. पडद्यावर, पूर्ण भिंतीएवढा. सर म्हणाले, प्रज्वल, नळाच्या तोंडाशी हे काय आहे?"

मालोजीराव चष्मा लावून मोबाईलवर वाकले. टाकीखाली तीन उशा. पाण्याचा तांब्या. भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी. सरूबाईचा स्वेटर. आणि मधोमध, अर्धवट टाकलेला डाव.

"चाळीस माणसांसमोर सर म्हणाले, मूळ कारण सापडलं वाटतं."

पहिली हसली विजयश्री. तिनं पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. प्रज्वल आईकडं वळला. "आई, मी महिनाभर डोकं फोडतोय. फळा नेला, तक्ते केले. पाच वेळा का, का, का विचारलं."

"विचारलंस," मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण कुणाला विचारलंस? फळ्याला विचारलंस, बाबांना विचारलंस. मला पेन दिलंस आणि बॅटरी दिलीस. मला एकदा विचारलं असतंस, की आई, दुपारी तिथं काय होतं, तर मी सांगितलं असतं. पंखा ओढतोय हे सांगितलं, तर म्हणालास बॅटरी इकडं धर."

प्रज्वल घास हातात घेऊन बसला होता. "खरंच सांगितलं असतंस?"

मंजुळाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "अर्धं," त्या म्हणाल्या.

मग प्रज्वललाही हसू आवरेना. त्या रात्री त्यानं फळ्यावरचा अर्धवट राहिलेला तिसरा 'का' पुसला आणि आईला विचारलं की कपॅसिटर मरायला टेकला हे आवाजावरून ओळखतात कसं. मंजुळाबाईंनी त्याला वर नेलं, पत्र्याला कान लावायला लावला आणि समजावलं. बराच वेळ लागला. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. तेव्हापासून त्या यंत्राचं सगळं त्याच बघतात. महिन्याला फण्या धुणं, गाळणी काढणं, सहा महिन्यांनी लिंबूफूल. बॅटरी प्रज्वल धरतो.

मालोजीराव मात्र दोन दिवस फुगून होते. पत्ते खेळल्याचा त्यांना राग नव्हता. पाणी गार झालं त्याचाही, आता कंबर बरी होती, फारसा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांचं खरं दुखणं बाहेर आलं.

"अगं, तो जप," ते म्हणाले.

"कुठला?"

"मी सगळ्यांना सांगून बसलोय. बागेत. दत्तोबाला तर..." ते अडखळले. "दत्तोबाची बायको, शालनबाई. त्यांना फार आवड आहे या गोष्टींची. उद्यापासून त्या येणार आहेत. जपाला."

मंजुळाबाईंनी निवडत असलेल्या मेथीकडं बघत विचारलं, "मग?"

"मग काय, करा की चार दिवस जप. माझ्यासाठी."

"तुम्हीच सांगा ना त्यांना, जप नसतो म्हणून."

मालोजीराव उठून न्हाणीघरात गेले. अंघोळीची वेळ व्हायला अजून दीड तास होता.

शालनबाई दुसऱ्या दिवशी बरोबर पाऊण वाजता आल्या. पांढरी साडी, हातात तुळशीची माळ, कपाळाला गंध. गरम पाण्यानं नुकत्याच पुसलेल्या जिन्यातून वर चढून टाकीखाली टेकल्या. वारा अंगावर आला तशा क्षणभर थबकल्या. डोळे मिटून माळ ओढू लागल्या. तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मंजुळाबाईंनी दहा मिनिटं खरंच नामस्मरण केलं. सरूबाईला झोप लागली. सलिमानं गोधडीचा तुकडा काढून शिवायला घेतला.

दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी सरूबाई कुजबुजली, "डोळं मिटल्यालंच हायती की तिचं," आणि आवाज न करता पत्ते वाटले. शालनबाईंची माळ फिरत राहिली. चौथ्या दिवशी आवाज न करण्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पाचव्या दिवशी डाव रंगात होता. सलिमाच्या हातात दोनच पत्ते उरले होते, आणि त्यातला एक ती टाकणार, इतक्यात माळेचा मणी मध्येच थांबला.

"सलिमाबाई," शालनबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले, म्हणजे एक मिटलेला. "इस्पिकचा राजा अजून सरूबाईंकडं आहे. एवढ्यात हुकूम मारू नका."

सरूबाईनं पत्ते छातीशी धरले. सलिमानं उचललेला हात खाली आणला. मंजुळाबाईंनी शालनबाईंकडं नीट बघितलं, मग सगळे पत्ते गोळा केले, पिसले आणि चार ठिकाणी वाटायला घेतले.

शालनबाईंनी माळ काढून पिशवीत ठेवली. "मेंढीकोट ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या माहेरी रोज चालायचा."